शिव्या बंद झालेलं घर

बाई, तू मेलीस. आधी 'गेलीस' लिहिलं होतं, मग खोडलं. 'गेली' म्हटलं की पोरं वाट बघत बसतात आणि 'देवाघरी' म्हटलं की पत्ता विचारतात, हे सांगून सांगून तू माझं डोकं खाल्लंस. तर हे घे. मेलीस. लिहिलं, आणि खोडलं नाही.

तुझा भाचा पुण्याहून आला, तुझ्या इच्छेप्रमाणे कसलेही विधी न करता तुला अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. आता सगळा गाव मला धरतोय. "नंदा, बाईचे दिवस कोण घालतलो?" मी म्हणते, कोण नाय, तिनाच नको म्हणान सांगल्यान हा. तर माझ्याकडे असं बघतात की मीच तुला उपाशी ठेवलंय. तुला काय, सुटलीस तू. राहायचंय मला इथे.

आणि मी तुला 'तू' म्हणते याचा आता तरी राग मानू नकोस. पहिल्या दिवशी तुझ्या भुवया वर गेल्या होत्या. तू माझ्यापेक्षा चांगली पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, मुंबईत जन्मभर मुलांचे मानसोपचार करून मग इथे मालवणात मुलांसाठी खोली उघडलेली, आणि मी कणकवलीला समुपदेशनाचा कोर्स करून आलेली. पण आमच्या मालवणी तोंडात देवालाही तू आणि आवशी-बापाशीलाही तू. 'तुम्ही' आम्ही फक्त तहसीलदाराला म्हणतो, तेही काम होईपर्यंत. हे सांगितल्यावर तू हसली होतीस. तुझं हसणं दुर्मीळ, म्हणून लक्षात आहे.

काय वैताग दिलायस तू मला! पाणी हवंय का विचारलं तर म्हणणार, "मला तहान लागली असेल असं तुला का वाटलं?" अगो, ऊन तापलंय म्हणून वाटलं! मुलांच्या खोलीतही तेच. पोर रडलं तरी तू गप्प, पोर गप्प तरी तू गप्प. बारावीतली ती कणकवलीची मुलगी आठवते? महिनाभर येऊन नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी म्हटलं, बाई, हिला काहीतरी विचार तरी. तू म्हणालीस, "ती काहीतरी करते आहे. तिला करू दे." आणि एक दिवस त्या मुलीने भिंतीकडे तोंड ठेवूनच जे बोलायला सुरुवात केली, त्यानंतर तुला म्हणे श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला होता. कधी बोलले नाही.

पण आज हे सगळं लिहायला बसलेय ते सुरंगीसाठी. सुरंगी हे तिचं खरं नाव नाही, घाबरू नकोस. तिच्या आईलाही विचारलंय. "लिव, काय व्हया ता लिव," म्हणाली. तू गेल्यानंतरच्या मंगळवारी काय झालं ते तुला सांगायचंय. बघ, पुन्हा 'गेल्यानंतरच्या' लिहिलं. राहू दे आता.

सुरंगी आपल्याकडे आली तेव्हा तिसरीत होती. तिच्या मास्तरीणबाईंनी पाठवलं होतं. तक्रार काय, तर पोरगी फार चांगली वागते. कुणी ढकललं तरी भांडत नाही, खेळात हरली की "धन्यवाद" म्हणते, आणि दर दोन वाक्यांनी नळावर जाऊन चूळ भरते. ओठ फुटून रक्त यायचं तिच्या. आणि बोलणं? मालवणचं पोर, घरात तीन पिढ्या मासेमारी, आणि बोलते कशी तर रेडिओवरच्या बातम्यांसारखी. "मला बसायला कुठे जागा आहे?" मी तर हादरले होते.

मग मी त्यांच्या घरी गेले. तो दिवस मी तुला किती वेळा सांगितला आणि तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकतेयस तसा ऐकलास. वाडीत सगळीकडे नेहमीचा दंगा चाललेला. कोण पोराला "मेल्या, मसणात जा" म्हणतेय, कोण कुत्र्याला, कोण नवऱ्याला. "शिरा पडली तुझ्या तोंडार" हे आमच्याकडे लाडात येतं, हे तुला समजावताना माझी किती दमछाक झाली होती! पण सुरंगीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि सगळं बंद. तिची आई म्हणाली, "या. बसा. आपण चहा घेणार का?" मांजर सुकटीच्या डब्याला तोंड लावत होतं तर ती त्याला म्हणाली, "बाजूला हो." मांजरालासुद्धा शिवी नाही! भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. शेजारणी कुजबुजत होत्या, "तिच्या अंगात कोणतरी शिरला हा. आमच्यातला कोण असा बोलता काय?" आमच्याकडे अंगात आलेलं माणूस शिव्या घालतं. ज्या घरात शिव्याच बंद झाल्या त्या घराला काय झालंय, हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

झालं होतं ते इतकंच होतं. सुरंगीचा बाप होडीवर गेला, वारा फिरला, होडी उलटली. बाकीचे खलाशी पोहत आले. हा आला नाही आणि सापडलाही नाही. पोरीला सांगितलं, बापूस गोव्याक गेलो, कामाक. तिला कसालला मामाकडे पाठवून मागे त्याचा दर्भाचा पुतळा जाळून दिवस घातले. महिन्याभराने पोर परत आली, तर आईच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. कुणी काही बोललं नाही. तिने विचारलंही नाही. तेव्हापासून चूळ.

मग आपलं काम सुरू झालं. दर मंगळवारी आत खोलीत तू आणि सुरंगी, बाहेर पडवीत मी आणि तिची आई. आणि वेळ कुठली, तर दुपारी बाराची. मी तुला म्हटलं होतं, बाई, बारा वाजता पोरांक भायर काढूचा नसता, वाईट वेळ ती, वाटेत काय काय उभं असतं. तू म्हणालीस, "तुझा विश्वास आहे?" मी म्हटलं, विश्वास नाही, पण काढूचा नसता. तू ते वहीत लिहून घेतलंस आणि वेळ बाराचीच ठेवलीस. त्या पोरीला शाळेतून तेव्हाच सुटता यायचं, हे खरं. पण तुझा हट्टही होताच.

कितीतरी मंगळवार ती नुसती खेळणी पुसायची. मग एके दिवशी तिने चटई अंथरली आणि तुला बोट दाखवून म्हणाली, "इथे झोप." तू झोपलीस. आणि मग तिच्या तोंडून कधीचा न आलेला मालवणी शब्द आला. "मर मेल्या." तू मेलीस. तिने तुझे हात सरळ केले, पाय जुळवले, चादर घातली, तोंडावरूनसुद्धा, आणि बाजूला बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ऊठ." तू उठलीस.

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, "नंदा, ती 'मेल्या' म्हणाली की 'मेले'? मला नीट कळत नाही." मी म्हटलं, मेल्या म्हणाली असेल तर ते बाप्याला. बाईला मेले म्हणतात. तू एकदम ताठ बसलीस. चटईवर कोण झोपलं होतं ते आपल्याला तिथे कळलं. एवढ्या तुझ्या शिक्षणाला त्या दिवशी माझं व्याकरण कामाला आलं, असं मी तुला चिडवलं आणि तू चक्क मान डोलावलीस.

पुढे दर मंगळवारी तेच. मर मेल्या. चादर. ऊठ. एकदा दार जरा उघडं राहिलं होतं आणि मी आत बघितलं. तुझी छातीसुद्धा हलत नव्हती. सुरंगी तुझ्या डोक्याशी मांडी घालून बसलेली आणि तिचे ओठ हलतायत, आवाज नाही. मी मागच्या मागे आले आणि पडवीत तिच्या आईसमोर बसून उगाच हवापाण्याच्या गजाली मारत राहिले. तुला नंतर म्हटलं, इतकं हुबेहूब मेलंच पाहिजे काय? जरा पापणी तरी हलव. तू म्हणालीस, "तिला खोटं नकोय. खोटं तिच्याकडे भरपूर आहे."

त्याच सुमाराला पोरीने तुला सांगितलं. त्या पहाटे बापाने तिच्या वेणीची रिबीन ओढली आणि ती ओरडली, "जा, मर मेल्या थय!" तो हसत गेला. बस, एवढंच. आणि त्याच आठवड्यात पडवीत तिच्या आईने मला सांगितलं की त्या रात्री भात निवला तेव्हा ती चुलीपाशी म्हणाली होती, "खंय मेलो आसा कोण जाणा." म्हणाली, "माझ्या तोंडान खाल्ल्यान तेका." म्हणून ती तोंडात सतत तुळशीचं पान धरते. म्हणून घरात मालवणी बंद. एका घरात दोघी, दोघींना वाटतंय आपण त्याला मारलं, आणि एकमेकींना कळू नये म्हणून दोघी पुस्तकातलं बोलतायत.

आणि इथे आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही, बाई. मी म्हटलं, दोघींना समोरासमोर बसव आणि सांगून टाक. भिंतीच्या अलीकडे गोष्टीचं एक अर्धुक, पलीकडे दुसरं, आणि आपण दोघी शहाण्या मधे बसून चहा पितोय! तू म्हणालीस, "आपण सांगितलं तर ते आपलं होईल. त्यांचं राहणार नाही." मी म्हटलं, मग कधी? तू म्हणालीस, "तुला घाई कसली आहे?" मी पेला आपटून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी बांगड्याचं तिखलं घेऊन आले, ते तू चमच्याने खाल्लंस. बांगडा चमच्याने! पण भांडण तिथेच राहिलं.

तुझ्या शेवटच्या मंगळवारी तू खोलीतून बाहेर आलीस ती लहान मुलीसारखी. त्या दोघी जाईपर्यंत कसाबसा दम धरलास आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "नंदा, आज ती 'मेले' म्हणाली. मर मेले. मला म्हणाली, मला!" तुला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. तू पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार, एक मंगळवार चुकणार, हे तू तिला सांगितलं होतंस आणि ती तुझ्यावर चिडली होती. मेलेल्या बापावर नाही, जिवंत बाईवर. तू म्हणालीस, आता ती रागावू शकते, आता सुटेल. मी हसले. पण मनातल्या मनात तुझी दृष्ट काढली, ते खरं.

रविवारी दुपारी मी तिखलं घेऊन आले. दार लोटलेलं. तू जमिनीवर चटई टाकून झोपली होतीस, उन्हाळ्यात झोपतेस तशी. पण उन्हाळ्यात तू कुशीवर झोपतेस. त्या दिवशी उताणी होतीस, हात सरळ, पाय जुळवलेले. बाई, मला राग आला. देवाशपथ, आधी रागच आला, की ही घरीसुद्धा सराव करते काय. मी म्हटलं, "ऊठ." मग वाकून म्हटलं, "ऊठ गो, निवतला सगळा." टोप माझ्या हातातून कधी पडला मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले झोपेतच हृदय थांबलं असणार, त्रास झाला नसणार. झोपेत माणूस हात असे सरळ करतं काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

आणि मंगळवार आला. तू पुण्याला असलीस तरी खोली उघडी ठेवायचं ठरलं होतं, आणि येऊ नका असा निरोप पाठवायला मला जमलंच नाही. बाराला दोघी फाटकात. आई डोळ्यांनी मला खुणावतेय. तिला गावातून कळलं होतं आणि तिने पोरीला सांगितलं होतं, बाई पुण्याला गेल्या आहेत, पण खोली उघडी असेल, खेळून ये. तू पुण्याला जाणारच होतीस, म्हणून खोटं किती सोपं झालं बघ. सुरंगी सरळ आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आम्ही दोघी पडवीत. बाहेर चिटपाखरू नाही, पाण्याचासुद्धा आवाज येईना. आणि आतून तुझा आवाज आला.

मी खोटं सांगत नाही. "तुला काय वाटतं?" तोच सूर, तीच शेवटी किंचित वर जाणारी लकब. मग बराच वेळ काही नाही. मग परत तू, "तुला माझा राग आला आहे का?" सुरंगीच्या आईने माझा दंड असा धरला की वळ उठले. मग पोरीचा स्वतःचा आवाज. "ऊठ." थांबली. "ऊठ." मग मोठ्याने, "ऊठ गो!" मग एकदा इतक्या हळू की आम्हाला ऐकू आलं की भास झाला, कोण जाणे.

दार उघडलं. ती आईला म्हणाली, "आई, बाई उठत नाहीत."

मी आत गेले. चटई अंथरलेली होती. त्यावर चादर नीट पसरलेली, आणि खिडकीतून वारा येऊन ती मधोमध वर यायची, खाली बसायची, वर यायची. मी ती ओढून काढू शकले असते. नाही काढली. मी तिथेच उकिडवी बसले आणि म्हटलं, "सुरंगी, बाई पुण्याक जाऊक नाय. बाई मेली. रवारी, झोपेत." तिची आई मागून "अहो, नको" म्हणत होती.

पोरीने मला विचारलं, "मी म्हटलं म्हणून?"

बाई, 'नाही गो बाळा' हे माझ्या जिभेवर होतं. दातांच्या मागे होतं. जन्मभर मी पोरांना हेच सांगत आले, तुझं काही चुकलं नाही, जा खेळ. आणि तू मला पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलीस की पोराचं वाक्य इतक्या लवकर पुसू नकोस. मी गप्प बसले. इतकं अवघड काम मी कधी केलेलं नाही, बाळंतपणं धरून. मी तुझ्यासाठी गप्प बसले, तुझ्यावर चिडून गप्प बसले.

आणि त्या गप्पपणात तिची आई बोलली. तोंडातलं पान काढलं आणि बोलली, आमच्या बोलीत, इतक्या दिवसांनी. "तू न्हय गो. मी. तुझ्या बापाशीचा जेवाण वाढून ठेवलंय आणि म्हटलंय, खंय मेलो आसा कोण जाणा. तेच वेळाक तो पाण्यात होतो. तू काय मारतलंस? मीच मारलंय."

सुरंगी म्हणाली, "मीपण म्हटलंय. सकाळी. मर मेल्या म्हटलंय."

दोघी एकमेकींकडे असं बघत होत्या की जणू पहिल्यांदाच भेटतायत. मला वाटलं आता रडतील, मिठी मारतील, सुटलो. पण तू त्या पोरीला काय शिकवून ठेवलंयस! ती दोन पावलं मागे सरकली, चटईच्या कडेवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मगे आता माका म्हण."

"काय?"

"माका म्हण. मर म्हण."

आईने माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "नाय गो," आई म्हणाली, "तसां बोलू नये."

"म्हण आवशी. बगूया."

त्या माऊलीने पदर तोंडाला लावला, काढला. आणि मग डोळे घट्ट मिटून म्हणाली, "मर. मर गो मेले."

आम्ही थांबलो. तुला खरं सांगते, लपवायचं कशाला, आम्ही तिघीही थांबलो होतो. आई श्वास रोखून, पोर ताठ उभी, हात सरळ, पाय जुळवलेले. आणि मी, प्रमाणपत्रवाली, दुपारी बाराच्या उन्हात त्या पोरीच्या छातीकडे टक लावून बसले होते, की हलतेय काय. चादर वर आली, खाली बसली. किती वेळ गेला मला विचारू नकोस.

सुरंगीने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. पायाची बोटं हलवली. मग नाक ओढून म्हणाली, "माका भूक लागली."

तिची आई मटकन खाली बसली. हसतेय की रडतेय कळेना. आणि मग तिच्या तोंडाचा बांध जो फुटला! "शिरा पडली तुझ्या तोंडार, मेले! मगे सांगूक काय जाता? पेज निवली थय चुलीर! ऊठ, चल, माझा रगत आटवलंस, वाघान खाल्ल्यान तुका, चपला खंय टाकलंस?" पोर चपला शोधत पुढे, आई मागे, आणि वाडीच्या वळणापर्यंत मला त्या शिव्या ऐकू येत होत्या.